शाळेबाहेरच्या मुलाला तारीख कोण सांगणार?

दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, हे बदलापुरात कुणालाही विचारा, ठाऊक असतं. तो कधी भरायचा, असं विचारलं की मात्र उत्तर येतं, "असेल डिसेंबर-जानेवारीत." प्रत्यक्षात फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठीची ही नोंदणी सहसा आदल्या पावसाळ्यातच सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास तिची दारं बंद झालेली असतात. डिसेंबरात चौकशीला गेलेल्या मुलाचं वर्ष तिथेच गेलेलं असतं.

घरी शिकणाऱ्या मुलांविषयी आपल्याकडे वाद होतो तो ठरावीक मुद्द्यांवर. मूल एकलकोंडं होईल का, आईला बीजगणित झेपेल का, शिस्त कोण लावणार. घरी शिकवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेले आईबाप या प्रश्नांची उत्तरं आपापल्या परीने शोधतात. त्यांची खरी अडचण होते ती तारखांपाशी. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी तारीख आपोआप येते. राज्य मंडळाचं परिपत्रक विभागीय मंडळाकडे जातं, तिथून मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापकांकडून वर्गशिक्षकाकडे आणि त्याच संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. फोटो कोणत्या मापाचा, आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळतं का, शुल्क कुणाचं राहिलं, हे सगळं पाहायला शाळेत एक कारकून बसलेला असतो. घरी शिकणाऱ्या मुलाला हा कारकून नाही. त्याची आईच मुख्याध्यापक, तीच कारकून आणि तीच शिपाई. परिपत्रकावर मात्र तिचा पत्ता कधीच नसतो.

बदलापुरात हा विषय गेल्या काही वर्षांत जास्त घरांत पोहोचला. आधी करोनाची दोन वर्षं झाली. घरात बसून मूल शिकू शकतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ते किती अवघड आहे, हेही पाहिलं. मग ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या बंद राहिल्या. त्यानंतर मुलाला शाळेत पाठवायचं की नाही, हा प्रश्न कात्रपपासून मांजर्लीपर्यंत कित्येक घरांत गंभीरपणे बोलला गेला. बहुतेकांनी पुन्हा दप्तर भरलं. ज्यांना दुसरी वाट विचारायची होती, त्यांना ती नीट समजावून सांगेल अशी जागा गावात नव्हती.

घरी शिकून बाहेर परीक्षा देणं आपल्या मुलखाला नवं नाही. इथून तीन-चार स्टेशनं पलीकडच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींच्या शिक्षणाचा पाया गोपाळरावांनी घरी घातला आणि १८८६ साली त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या. आईवडिलांकडून संस्कृत शिकल्या. १८७८ साली कलकत्त्यात पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाध्या दिल्या. तेव्हाच्या परीक्षकांनी विद्या पाहिली, दाखला मागितला नाही.

आजही ज्या परीक्षा शाळेच्या पलीकडच्या आहेत, त्या मराठी घरांना चांगल्या सवयीच्या आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा, राष्ट्रभाषा सभेच्या हिंदीच्या परीक्षा, टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या संस्कृतच्या परीक्षा. गाणं शिकणाऱ्या मुलीला कुणी विचारत नाही, तू कुठल्या शाळेत. तिची गुरू फॉर्म भरते, केंद्र ठरतं, सत्राच्या तारखा दरवर्षी साधारण त्याच असतात, म्हणून पालकांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. हीच व्यवस्था दहावीपर्यंतच्या अभ्यासाला का नसावी, याचं पटेल असं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्याने पालकांचं कर्तव्य ठरवलं, पण न पाठवणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितली नाही. घरी शिकवण्याचा उल्लेखच कायद्यात नाही. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात या मुद्द्यावर एक याचिका झाली, तेव्हा स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशा अर्थाची भूमिका केंद्राने मांडली होती. कायद्यात तशी तरतूद मात्र आजही नाही. त्यामुळे घरी शिकणारं मूल सरकारी कागदावर 'शाळाबाह्य' ठरतं. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, जुलै २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' राबवलं गेलं. अशा मोहिमेत शिक्षक दारात येतो आणि त्याच्या तक्त्यात वीटभट्टीवर राबणारं मूल आणि घरी आजीकडून मोडी शिकणारं मूल यांना एकच रकाना असतो. शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला दिलेला तक्ताच तसा आहे. पण ज्या मुलाची नोंद 'आलंच नाही' एवढीच होते, त्याच्या घरी 'नोंदणी सुरू झाली' हा निरोप पाठवायचं कुणाच्या कामातच बसत नाही.

याच कायद्यातलं चौथं कलम मात्र प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं असं आहे. सहा वर्षांवरचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तरी त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. म्हणजे आठवीपर्यंत परतीची वाट खुली आहे. नववीच्या उंबरठ्यावर ती अरुंद होते, कारण तिथून पुढे कायद्याचं छत्र नाही आणि शाळा आठवीचा कागद मागते. घरी शिकवायचं ठरवणाऱ्यांनी पहिली मोठी तारीख दहावीची धरू नये. मूल तेराव्या वर्षात शिरतं तो दिवस धरावा.

आता वाटा पाहू. राज्य मंडळाची वाट सर्वांत ओळखीची, आणि तिच्यातच सर्वांत जास्त ठेचा लागतात. सतरा नंबरचा फॉर्म आता ऑनलाइन भरला जातो. त्यात घरच्या पत्त्यानुसार एक संपर्क केंद्र निवडायचं असतं. संपर्क केंद्र म्हणजे जवळची एखादी शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय. फॉर्म भरला, पैसे भरले, मोबाइलवर संदेश आला की पालकांना वाटतं, काम झालं. ते झालेलं नसतं. छापील प्रत, शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि इतर कागद ठरल्या तारखेच्या आत त्या केंद्रात नेऊन द्यावे लागतात. मग नावनोंदणी होते. त्यानंतर, आणि ही पायरी सर्वांत जास्त चुकते, परीक्षेचं आवेदनपत्र त्याच शाळेमार्फत वेगळं भरावं लागतं, वेगळ्या शुल्कासह. नोंदणीने परीक्षेला बसण्याची पात्रता मिळते, हॉलतिकीट त्यानंतरच्या आवेदनपत्रावर मिळतं. शिवाय प्रात्यक्षिक, तोंडी आणि अंतर्गत गुणांचं काम केंद्राच्या शाळेतच होतं आणि त्याचे दिवस ती शाळा आपल्या मुलांच्या सोयीने ठरवते. वर्गात फळ्यावर लिहिलेली ती तारीख घरी बसलेल्या मुलाला फोन करून कळवेल असा शिक्षक भेटणं हा आज नशिबाचा भाग आहे. असे शिक्षक आहेत. व्यवस्था त्यांच्या चांगुलपणावर चालू नये.

मूळ दाखल्याचा मुद्दा इथे थांबून पाहण्यासारखा आहे. खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसणाऱ्याने मान्यताप्राप्त शाळेतून किमान पाचवी उत्तीर्ण असावं, अशी अपेक्षा असते. हा नियम मुळात शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी केलेला. सहावीनंतर घरी बसलेल्या मुलाला तो लागू पडतो. जे मूल शाळेची पायरी कधी चढलंच नाही, त्याच्याकडे सोडल्याचा दाखला येणार कुठून? ही गाठ सोडवण्यासाठीच २०१७ मध्ये महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा निर्णय झाला. या मंडळाच्या पाचवीच्या परीक्षेला दहा वर्षं पूर्ण झालेलं आणि आठवीच्या परीक्षेला तेरा वर्षं पूर्ण झालेलं मूल शाळेत न जाता बसू शकतं. महाराष्ट्रातल्या घरी शिकणाऱ्या मुलांसाठी गेल्या काही दशकांत झालेलं सर्वांत उपयोगाचं काम हेच, असं माझं मत आहे. दुःख एवढंच, की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात सतरा नंबर माहीत असलेल्या शंभरांपैकी किती जणांनी मुक्त विद्यालय मंडळाचं नाव ऐकलंय, असं विचारलं तर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेही हात वर होणार नाहीत.

दुसरी मोठी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ साली ही राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झाली, २००२ मध्ये सध्याचं नाव मिळालं. महाराष्ट्रासाठी तिचं प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब, क असे तीन स्तर आहेत आणि ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरले जातात. दहावीच्या नोंदणीसाठी चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात आणि आठवीचा दाखला नसेल तर पुढचा अभ्यास करण्याइतकं शिकलो आहे, असं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं. दाखला नसलेल्या मुलासाठी ही सवलत अमूल्य आहे. मराठी माध्यमही मिळतं. पाच विषय, पाच वर्षांची मुदत, त्यात परीक्षेच्या नऊ संधी. एखाद्या वेळी एकच विषय दिला तरी चालतो. वर्षातून दोन परीक्षा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

हे सगळं सोयीचं, म्हणूनच तारखांचं जाळंही मोठं. दोन परीक्षांसाठी प्रवेशाचे दोन कालखंड. पहिला कित्येक वर्षं १६ मार्चला आणि दुसरा १६ सप्टेंबरला सुरू होत आला आहे. पुढे मुदतवाढ, विलंब शुल्क. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेत नाव आलं असं नाही. प्रत्येक परीक्षेचं शुल्क त्या त्या वेळी वेगळं भरायचं. लेखी गुणांत वीस टक्के वाटा गृहपाठाचा, म्हणजे टीएमएचा, आणि तो सहसा एप्रिलच्या परीक्षेसाठी जानेवारीअखेर तर ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी जुलैअखेर द्यावा लागतो. प्रात्यक्षिक लेखी परीक्षेच्या आधी येऊन जातं. विज्ञान घेतलेल्या मुलाला लेखीचं वेळापत्रक तोंडपाठ असतं आणि प्रात्यक्षिकाचा आठवडा निघून गेलेला असतो, असं होऊ शकतं. संस्था नोंदलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर कळवते, हे खरं. पण फॉर्म एजंटाकडून भरून घेतला असेल तर तो नंबर बऱ्याचदा एजंटाचाच असतो. 'दहावी नापास, थेट बारावी' असे फलक स्टेशनबाहेरच्या भिंतींवर सगळ्यांनी पाहिलेत. त्या दुकानांचा धंदा चालतो तो तारखा आणि पायऱ्या लोकांना ठाऊक नसतात म्हणून. फॉर्म स्वतः भरा, नंबर स्वतःचा घाला, आणि 'मुक्त' असं नाव लावणारं प्रत्येक मंडळ मान्यताप्राप्त असेलच असं धरून चालू नका.

सीबीएसईचं दार घरी शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यासाठी जवळपास बंद आहे. केंब्रिजची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देता येते, पण तिचं शुल्क बदलापूरच्या सर्वसाधारण घराला परवडणारं नाही, त्यामुळे इथे तिच्यावर अधिक लिहीत नाही.

मधल्या वर्षांतल्या परीक्षांचं काय? शिष्यवृत्ती परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते आणि अर्ज शाळेमार्फत जातात. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी, तिचीही माहिती शाळेतूनच मिळते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळू शकतात, त्यांचंही केंद्र शाळाच. ज्याला शाळा नाही, त्याला यांतलं बरंचसं उशिरा कळतं किंवा कळतच नाही. मोठ्या परीक्षांपेक्षा हे नुकसान मला जास्त डाचतं, कारण अशा परीक्षांतून मुलाला आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो आणि आईबापांनाही. मुंबईतल्या एका मराठी मुलीने सातवीनंतर शाळा सोडली, संगणक ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीचा रस्ता तिला बंद होता. तिच्या हुशारीचं कौतुक सगळ्यांनी केलं. ऑलिंपियाडच्या पायऱ्या आणि तारखा घरी वेळेत कळल्या नसत्या तर ती हुशारी कुणाला दिसली असती?

दहावीनंतरही तारखा पाठ सोडत नाहीत. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्या वर्षी राज्य मंडळाचा दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. एनआयओएसच्या एप्रिल-मे परीक्षेचा निकाल जूनमध्ये येतो. म्हणजे घरी शिकलेलं मूल गुणपत्रिका हातात येण्याआधीच प्रवेशाच्या धावपळीत उतरलेलं असतं, आणि इतर मंडळाचा विद्यार्थी म्हणून त्याला गुण, कागद, पडताळणी हे सगळं स्वतः भरावं लागतं. शिवाय तारखा सरकतातही. २०२५ मध्ये राज्य मंडळाच्या परीक्षा नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस अलीकडे आल्या, बारावी ११ फेब्रुवारीला आणि दहावी २१ फेब्रुवारीला. शाळांना ते आदल्या वर्षीच ठाऊक होतं. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीच्या गुणांना पन्नास टक्के वजन देऊन निकाल लावला गेला, तेव्हा ज्यांना नववीच नव्हती त्यांच्यासाठी वेगळी पद्धत आखावी लागली. ती जाहीर होईपर्यंतचे आठवडे त्या घरांनी कसे काढले असतील, याची कल्पना करता येते.

आमचा ठाणे जिल्हा राज्य मंडळाच्या मुंबई विभागात येतो आणि विभागाचं कार्यालय वाशीला आहे. बदलापूरहून सकाळच्या गर्दीत ठाण्यापर्यंत, तिथून ट्रान्स-हार्बरने वाशी. हातावर पोट असलेल्या बापाची ही एका दिवसाची मजुरी. एक तारीख विचारायला एवढं जावं लागू नये.

परदेशात काय चालतं, ते एका उदाहरणावरून पाहू. न्यूयॉर्क राज्यात घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकाने १ जुलैपर्यंत स्थानिक शिक्षण कार्यालयाला कळवायचं असतं. कळवल्यावर दहा कामकाजी दिवसांत त्या कार्यालयाने पालकाला नियमांची प्रत आणि पुढचा फॉर्म पाठवायचा, हे नियमातच लिहिलेलं आहे. पुढे तिमाही अहवाल आणि दरवर्षी मूल्यमापन. नियम कडक आहेत आणि तिथले बरेच पालक त्यावर नाराज असतात. पण माहिती देण्याचं बंधन कार्यालयावरही आहे, हा भाग आपण घेण्यासारखा आहे. जर्मनीत घरी शिकवायला बंदीच आहे, इंग्लंडमध्ये मोकळीक बरीच. महाराष्ट्र यांच्या मधोमध उभा आहे, मनाई नाही आणि दखलही नाही. माझ्या मते दखल न घेण्याचा तोटा बंदीइतकाच होतो, आणि तो सर्वांत आधी त्या घराला होतो जिथे इंग्रजी वेबसाइट वाचणारं कुणी नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. मुक्त विद्यालय मंडळाने दहा वर्षांवरच्या कुठल्याही मुलाची, परीक्षा अजून लांब असली तरी, मोबाइल नंबरासह नोंद करून घ्यावी आणि पाचवी, आठवी, सतरा नंबर, आवेदनपत्र, प्रात्यक्षिक अशी प्रत्येक मुदत त्याच नंबरावर मराठीत कळवावी. राज्य मंडळाने सतरा नंबरची नोंदणी दरवर्षी ठरलेल्या तारखेलाच उघडावी. अंबरनाथ पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात शाळाबाह्य मुलांच्या तक्त्यात 'घरी शिकतो, पुढची परीक्षा अमुक' असा एक रकाना वाढवता येईल.

हे वरून होईपर्यंत थांबण्याचं कारण नाही. पालकांनी एक फाइल आजच उघडावी: जन्मदाखला, आधार, असेल तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला, वर्षाला काय शिकलो त्याची तारखांसह नोंद, आणि पहिल्या पानावर मुदतींचं कोष्टक. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला राज्य मंडळ, मुक्त विद्यालय मंडळ आणि एनआयओएस यांची संकेतस्थळं स्वतः उघडून पाहावीत, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नये. गावात ग्रंथसखासारखं वाचनालय आहे, इतरही वाचनालयं आहेत. त्यांच्या फळ्यावर या तारखांना दोन ओळींची जागा मिळू शकते. आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरातल्या संपर्क केंद्र असलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती आहे: सतरा नंबरची नोंदणी सुरू झाल्याचा मराठी कागद त्याच दिवशी शाळेच्या फाटकाच्या बाहेरच्या बाजूला लावा, आणि त्यावर तुमच्या कार्यालयाचा फोन नंबर लिहा.